वाळवीची पारख

शास्त्रपाठ : लेवीय, अध्याय १४, वचनें ३३ ते ४८



घराला पडलेल्या चट्ट्याविषयींचा हा नियम वाचतांना पुष्कळांना कंटाळा येतो, आणि उपासनेंत हा अध्याय क्वचितच घेतात. परंतु ज्याच्या घराला वाळवी लागली आहे, त्यानें तो सावकाश वाचावा. घरधनी येऊन याजकाला सांगतो, कीं माझ्या घरांत कांहीं दिसतें. याजक कुदळ घेऊन धांवत नाहीं. तो घर रिकामें करवितो, आंत जाऊन भिंत पाहतो, सात दिवस घर बंद ठेवितो आणि पुन्हां येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर तेवढेच दगड काढवितो. इतकें करूनही तो उलटला, तरच घर पाडावयाचें. पाहणें आधीं आणि पाडणें सर्वांच्या शेवटीं, असा हा क्रम आहे.

आपण काय करितों? भिंतीवर मातीची रेघ दिसली, कीं केरसुणीनें झाडून टाकितों आणि वर घासलेट शिंपडून निश्चिंत होतों. किंवा उलट, चौकटीखालीं चिमूटभर भुसा दिसतांच सबंध जमीन खणून औषध ओततों. पहिल्या उपायानें घर जातें, दुसऱ्यानें पैसा जातो, आणि तो पैसा बहुधा कर्जाऊ काढलेला असतो.

वाळवीला कोठें कोठें उधई म्हणतात. तिला पांढरी मुंगी म्हणण्याचा प्रघात आहे, पण ती मुंगी नव्हेच. तिचें नातें झुरळाशीं अधिक जवळचें आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळीं दिव्यावर पंखवाले जीव येतात, ते एकदां हातांत घेऊन पाहावे. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वांकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा मण्यांच्या सरासारख्या सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे. बाहेरून दिव्यावर आलेल्यांना भिण्याचें कारण नाहीं. तेच जीव घरांतल्या फटींतून बाहेर पडतांना दिसले, तर मात्र समजावें कीं वस्ती घरांत किंवा पायाखालीं आहे.

आपल्या खेड्यांतून जी सर्वांत अधिक आढळते ती जमिनींतली वाळवी. शेताच्या बांधावरील वारूळ हें तिचेंच काम. साप तेथें मागाहून आलेला भाडेकरू. ह्या जातीच्या कित्येक वाळव्या चघळलेल्या पालापाचोळ्यावर आंत बुरशीची शेती करितात, आणि पावसाळ्यांत वारुळापाशीं जी अळंबी आपण आवडीनें खुडतों ती त्याच शेतींतून वर आलेली असते. उद्योगी प्राणी खरा! पण तिला ओलावा हवा आणि उजेड नको, म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती मातीची नळी बांधीत येते. तिनें पोखरलेलें लाकूड फोडलें तर आंत मातीचा लेप दिसतो. भिंतीला टेंकून रचलेलें सरपण, सदा ओली असणारी मोरी, मातींत पुरलेला खांब, ह्या तिच्या वाटा. वाट जमिनीपाशींच तोडली पाहिजे. वरची नळी झाडल्यानें ती फक्त दुसरी बांधते.

दुसरी आहे कोरड्या लाकडांतली वाळवी. हिला जमीन लागत नाहीं, नळी लागत नाहीं. समुद्रकांठच्या दमट हवेंत ही अधिक, आणि पुष्कळदां जुन्या खुर्चीबरोबर किंवा लिलांवांत घेतलेल्या कपाटाबरोबर ती घरांत शिरते. तिची खूण एकच : लाकडाखालीं पडलेले खसखशीएवढे कठीण दाणे. भिंग लावून पाहिल्यास प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. ती तिची विष्ठा होय. येथें जमिनींत ओतलेलें औषध सर्वस्वीं व्यर्थ. तो लाकडाचा तुकडाच काढावा लागतो, किंवा जाणत्याकडून त्यावर उपचार करवावा लागतो. दाण्यांऐवजीं मैद्यासारखी भुकटी आणि लाकडाला टांचणीएवढीं वाटोळीं भोकें असतील, तर ती वाळवीच नव्हे. तो लाकूड पोखरणारा भुंगेरा.

मंडळींतही हीच पारख लागते. एखादा भाऊ गुत्त्याच्या वाटेनें बिघडतो. ती वाट तोडली तर तो वांचतो. दुसऱ्याच्या अंतःकरणांत जुना मत्सर कोणतीही रेघ न दाखवितां वर्षानुवर्षें असतो, आणि त्याला संगत सोडावयास सांगून कांहीं होत नाहीं. दोघांनाही पंच एकाच बैठकींत, एका कुजबुजीवरून, एकच शिक्षा ठरवितात तेव्हां त्या याजकाची आठवण होते. त्याला तर केवळ दगडमातीचा निवाडा करावयाचा होता, तरी तो दोनदां आला.

तेव्हां घराकडे वळूं. आज संध्याकाळीं दिवा घेऊन तुळया व चौकटी ठोकून पाहाव्या, विशेषतः ज्यांच्याखालीं मुलें निजतात त्या. आवाज पोकळ आला तर सुताराला बोलवावें. मातीची नळी आढळल्यास ती सबंध झाडूं नये. मधोमध बोटभर मोडून ठेवावी आणि सात दिवसांनीं पुन्हां पाहावें. बुजविलेली दिसली तर आंत वाळवी जिवंत आहे. तशीच उघडी असली तरी हायसें म्हणूं नये. ती वाट बदलते, म्हणून दोनचार हात उजवीकडे व डावीकडेही दिवा धरावा.