दोन तोंडांची डबी

सकाळी सहाला दूध आणायला खाली उतरलो की गेटवर वॉचमन मामांचं एक काम चाललेलं असतं. नव्या पुडीतली तंबाखू ते डबीत भरत असतात. डबी पत्र्याची, दोन तोंडांची. एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. पुडीच्या कोपऱ्यात अडकलेली चिमूटही ते टिचकी मारून उतरवून घेतात. मग पुडी चुरगळून कचऱ्यात.

त्या पुडीवर कॅन्सरचं चित्र असतं. २०१६पासून पुडीच्या दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा या इशाऱ्याला द्यावी लागते. नाव उरल्या जागेत कसंबसं मावतं. पण इशारा पुडीवर. डबीवर नुसता मोर आहे, तोही झिजलेला.

एकदा विचारलंच, "मामा, ते चित्र बघता ना?"

"बघतो की. थोरला भाऊ त्यानंच गेला माझा."

हे सांगताना त्यांचा अंगठा तळहातावर फिरतच होता.

पुढे मी काय बोलणार? चुन्यामुळे निकोटिन तोंडातून लवकर भिनतं, असं शास्त्र सांगतं. चुन्याबिगर ती चढत नाही, असं मामा सांगतात. दोघांत वाद नाही.

उपदेश करणाऱ्याला वाटतं, समोरच्याला ठाऊक नाही. ठाऊक असतंच. रात्री तीनला डोळे मिटू लागतात. फेरीवर साहेब कधी येतील, नेम नसतो. आजार कधीतरी येणार. तीन मात्र रोज वाजतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने हे विचारून ठेवलं आहे. मनात नसताना, कुणी बळेच जुंपल्यासारखा, माणूस वाईटाकडे का जातो? कृष्णाने उत्तर दिलं: काम आणि क्रोध, रजोगुणातून उपजलेले. खरं असेल. पण मला प्रश्नच जास्त जवळचा वाटतो. मामांना जुंपणारं कुणी दिसत नाही. तंबाखू मळतानाची ती दोन मिनिटं त्यांच्या सबंध पाळीतली सगळ्यात निवांत असावीत. कपाळावरची आठीसुद्धा तेवढ्यापुरती जाते. त्या वेळी त्यांना हटकणं म्हणजे झोपलेल्याला उठवण्यासारखं वाटतं.

मी दूध घेऊन वर येतो. चहाचं आधण ठेवतो. माझ्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट कपाटात आहे, विम्याच्या कागदांखाली. तो तिथे मीच ठेवला. साखरेचा डबा ओट्यावर, हाताशी. हेही मीच ठरवलेलं.

आजपासून दोनाऐवजी एकच चमचा, असं रात्री ठरवलं होतं. एकच घातला.

शीग लावून.