उघड्या फळीवरचा उंदीर

वनस्पतीच्या अर्काने चिंता निवळते का, हे प्रयोगशाळेत बहुधा अधिकच्या चिन्हासारख्या फळीवर तपासतात. फळी जमिनीपासून अर्धा मीटर उंच. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला आडोसा प्रिय, पण नवी जागा हुंगायची खोडही दांडगी. पाच मिनिटांत तो उघड्यावर किती वेळ रेंगाळला, ते मोजायचे. अर्क दिलेला, डायझेपॅम हे चिंताशामक औषध दिलेला आणि यांपैकी काहीच न दिलेला, अशी तुलना होते. प्रत्येक उंदरानंतर फळी अल्कोहोलने पुसतात. नाहीतर आधीच्याचा वास पुढच्याला बिचकवतो.

या प्रयोगाला हरकत घेणारा पूर्वपक्ष म्हणतो, उंदराची भीती माणसासारखी नसेल तर हे माप फुकट. असेल तर ती मुद्दाम जागवणे गैर. उत्तरपक्षाच्या मते साम्य कामापुरते आहे: उंदराला कर्जाच्या हप्त्याची काळजी नसते, पण डायझेपॅमने माणूस निवळतो तसा उंदीरही उघड्यावर जातो. 'मग तेवढ्या साम्याचाच हिशेब द्या,' हे पूर्वपक्षाचे म्हणणे टाळता येत नाही.

पूर्वपक्ष पुढे विचारतो, अश्वगंधेसारखी वनस्पती तर पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते. मग उंदीर कशाला? उत्तरपक्ष सांगतो, दुधातले चूर्ण वेगळे आणि कॅप्सूलमधला दाट अर्क वेगळा. पॅसिफिक बेटांवर कावा पाण्यात कालवून पितात. युरोपात त्याच्या अर्काच्या गोळ्या निघाल्या, यकृताच्या तक्रारी आल्या आणि 2002 मध्ये जर्मनीने परवाने काढून घेतले. उदाहरण वजनदार, पण जागा चुकलेली. फळीवर यकृत दिसत नाही.

खरी अडचण संख्येची. प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबत रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, असे सांगितले. पण एकदा फळी पाहिलेल्या उंदरावर दुसऱ्या खेपेला डायझेपॅमचाही प्रभाव ओसरतो. त्याला आठवते, म्हणून प्रत्येक मात्रेला नवे उंदीर लागतात.

विद्यार्थ्यांच्या प्रबंधांपाशी उत्तरपक्ष सर्वांत लंगडा पडतो. वनस्पती तीच, मागे मूळ, आता पान, मागे पाणी, आता अल्कोहोल. अश्वगंधेच्या चाचण्या थेट माणसांवर झालेल्या असताना विद्यार्थ्याचा हात बसावा, एवढेच समर्थन उरते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या भारतीय कायद्याच्या कलम 17 मध्ये मात्र, केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.