लाओचे मस्तक

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेत, क्रेटर लेक नावाचे सरोवर आहे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तिथे माझामा हा उत्तुंग ज्वालामुखी होता. एका महाउद्रेकात त्याच्या पोटातला शिलारस बाहेर पडला, आधार सुटला आणि पर्वताचा माथा आपल्याच पोकळीत कोसळला. उरलेल्या विवराला एकही मोठी नदी मिळत नाही. पावसाने आणि हिमानेच ते भरले. आज तिथे ५९४ मीटर खोल, गडद निळे पाणी आहे.

या पाण्यात दोन निर्जन बेटे आहेत. 'फँटम शिप' हा लहानसा खडक सुमारे चार लाख वर्षांचा. जुन्या पर्वताचा उरलेला तुकडा. 'विझार्ड आयलंड' मात्र पर्वत कोसळल्यानंतर जन्मले. विवराच्या तळातून पुन्हा उद्रेक झाले आणि राख-दगडांचा शंकू वर आला. पाण्यावर तो सुमारे २३० मीटर दिसतो. त्याचे बाकीचे प्रचंड अंग बुडालेले आहे. पाण्यातून डोके काढलेली जमीन पाहिली की ती प्रलयातून वाचलेली असावी, असे मनात येते. इथे तर प्रलयानेच ती घडवली.

मला अधिक थांबवते ती इथल्या मूळनिवासी क्लॅमथ लोकांची कथा. पाताळाचा अधिपती लाओ आणि ऊर्ध्वलोकाचा स्केल यांचे युद्ध झाले, लाओ हरला आणि पर्वत ढासळला. लाओच्या देहाचे तुकडे सरोवरात टाकले गेले. जलचरांनी ते खाल्ले, पण मस्तक ओळखून सोडून दिले. तेच हे विझार्ड आयलंड. भूशास्त्रज्ञ पर्वत आत कोसळला म्हणतात. कथाही तेच सांगते. हा योगायोग मानायला मी तयार नाही. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना ऑरेगनमधल्याच फोर्ट रॉक गुहेत माझामाच्या राखेच्या थराखाली सेजब्रश या झुडपाच्या सालीचे विणलेले जोडे सापडले. म्हणजे उद्रेकाआधीपासून त्या मुलखात माणसे राहत होती. कुणीतरी ते आकाश काळवंडताना पाहिले आणि शेकडो पिढ्यांनी ते तोंडी जपले. लिखित नोंदीलाच इतिहास मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी या स्मृतीपुढे नम्र व्हायला हवे.

लाओ पुरता शमलेला नाही. विवरातला शेवटचा ज्ञात उद्रेक सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचा असला, तरी शास्त्रज्ञ हा ज्वालामुखी मृत समजत नाहीत.