उरलेल्या दिवसांचा हिशेब

वेळ थोडा आणि काम फार, ही तक्रार माणसाइतकीच जुनी आहे. शेतकऱ्याला मृगाच्या आधी मशागत उरकायची असते, गृहिणीला पाहुणे दारात येण्यापूर्वी स्वयंपाक, आणि आम्हां धर्मगुरूंना रविवारच्या उपदेशाची आठवण पुष्कळदा शनिवारी रात्री होते. परंतु हीच तक्रार सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून येते आणि तिच्यामागे साऱ्या घराची आशा व उसनवारी उभी असते, तेव्हा तिला हसून वाटेला लावता येत नाही. थोड्या वेळात मोठी तयारी करताना माणसाने काय सोडावे आणि काय सोडू नये, हा प्रश्न मग वेळापत्रकाचा न राहता नीतीचा होतो.

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. शहराची तहान अशी परमुलखातून भागत असतानाच त्याच महिन्याच्या २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेश देशभर एकाच परीक्षेतून, म्हणजे 'नीट'मधून व्हावेत. पहिली फेरी १ मे रोजी, दुसरी २४ जुलै रोजी. महाराष्ट्रातील मुले ५ मे रोजी होणाऱ्या राज्याच्या सीईटीसाठी बारावीचा अभ्यासक्रम घोकत होती. नव्या परीक्षेत अकरावीही होती, आणि प्रश्नपत्रिका मराठीत नव्हती. ती सोय २०१७ पासून झाली. दुसऱ्या फेरीपर्यंत हाती उरले ८७ दिवस.

जळकोट हे नांदेडच्या सीमेला लागून असलेले लातूर जिल्ह्यातील डोंगराळ, कोरडवाहू गाव. तिकडची मुले विज्ञान शिकण्यासाठी उदगीर, अहमदपूर, नाहीतर थेट लातूर गाठतात. त्या भागातील एका कुटुंबातील आई मे महिन्याच्या आरंभी आम्हांला भेटली. लेकीला दंतवैद्यक व्हायचे होते. आईने विचारले, "फादर, दिवस थोडे राहिलेत. रविवारी लेकराला मिस्साला आणू, का अभ्यासाला बसवू?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले, की सारे देवावर सोपवा. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "फादर, देवावर सोपवलं तरी भौतिकशास्त्र मलाच करावं लागतंय." आम्ही हसलो खरे, पण उत्तर देता आले नाही. ते शोधण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम एक भेद केला पाहिजे. वेळ थोडा असणे आणि वेळ हिरावला जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. माणसाचे आयुष्यच मोजके आहे. त्याबद्दल कोणावर दोष ठेवता येत नाही. पण खेळ अर्ध्यावर आला असता नियम बदलले गेले, तर तो त्रास दैवाचा नसून मनुष्यकृत आहे, आणि त्याबद्दल दाद मागणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. पालकांनी तेव्हा दाद मागितली. २४ मे रोजी वैद्यकीय परिषदेच्या व दंतवैद्यकांच्या कायद्यांत दुरुस्ती करणारे वटहुकूम निघाले, आणि राज्याच्या वाट्याच्या जागांपुरती त्या वर्षी सूट मिळाली. अन्यायापुढे 'देवाची इच्छा' म्हणून मान तुकवण्याची आमची सवय येथे तपासून पाहण्याजोगी आहे.

तथापि दाद मागून झाल्यावरही उरलेले दिवस उरलेलेच असतात. तेथे विवेकाचे काम सुरू होते. संत थॉमस अक्वायनस विवेकाला सर्व नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक मानतात. आणि ज्ञानाची तळमळ हीदेखील ते संयमाच्या कक्षेत ठेवतात. अभ्यासूपणा हा सद्गुण खरा, पण त्यालाही लगाम हवा. सगळेच वाचीन म्हणणारा विद्यार्थी परिश्रमी दिसतो. वस्तुतः तो निवड करण्याचे दुःख टाळीत असतो. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे आणि ४५-४५ भौतिक व रसायनशास्त्राचे. आपले कच्चे काय, पक्के काय हे प्रामाणिकपणे ओळखणे, जे जमणार नाही ते शांतपणे बाजूला ठेवणे आणि जे जमेल ते सरावाने घट्ट करणे, यालाच विवेक म्हणतात. स्वतःविषयी खरे बोलल्याखेरीज असे वेळापत्रक आखता येत नाही. म्हणून चांगल्या वेळापत्रकाचा आरंभ एका प्रकारच्या आत्मपरीक्षणाने होतो, असे आम्ही म्हणतो.

या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याचा एक कापला जातो. हिशेब केला तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडणाराही सरासरीने पाव गुण कमावतो. परीक्षार्थी म्हणून त्याने तसे केले तर तो नियमात बसतो. परंतु उद्या तोच दंतवैद्य होऊन एखाद्या शेतमजुराच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्याकडे पाहील, तेव्हा अंदाज पुरणार नाही. तंबाखू-गुटख्याच्या व्यसनाने मुखाचा कर्करोग आपल्या देशातील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक झाला आहे. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी व्यसन गेले नाही. आणि तो चट्टा वेळेत ओळखणारा पहिला माणूस पुष्कळदा दंतवैद्यच असतो. एमबीबीएस नाही तर निदान बीडीएस, असे म्हणून या विद्येला दुय्यम लेखणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. उरलीसुरली जागा म्हणून घेतलेले काम उरल्यासुरल्या मनानेच केले जाते.

आता जे सोडू नये त्याविषयी. पहिली गोष्ट सत्य. ५ मे २०२४ रोजी झालेल्या नीटची प्रश्नपत्रिका हजारीबाग व पाटणा येथे फुटली होती, याविषयी सर्वोच्च न्यायालयापुढे वाद उरला नाही. तपासाची वाट लातूरपर्यंतही आली, याचे या भागातील प्रत्येक पालकाला वाईट वाटले असेल. वेळ कमी पडतो तेव्हाच आडवाट जवळची भासते. पण विकत घेतलेल्या उत्तरांनी मिळवलेली जागा कोणा दुसऱ्या लेकराच्या रात्रींवर उभी असते.

दुसरी गोष्ट विसावा, आणि त्यातून आईच्या प्रश्नाचे उत्तर निघते. जुन्या नीतिशास्त्रकारांनी रविवारी अंगमेहनतीची कामे वर्ज्य मानली, पण वाचन, लेखन, अध्यापन यांना मुभा दिली. तेव्हा रविवारी अभ्यास केल्याने पाप लागते, ही भीती मुलांनी मनातून काढावी. प्रश्न अभ्यासाचा नाही, मिस्साचा आहे. त्या ८७ दिवसांत, परीक्षेचा रविवार सोडता, बारा रविवार येत होते. म्हणजे दोन हजारांहून अधिक तासांतून साधारण बारा तास. तेवढ्याने कोणाची जागा हुकत नाही. परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रभूच्या वारावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. त्यातील आशय असा की, हा दिवस माणसाला त्याच्या कामाहून मोठे करतो. परीक्षेच्या मुलाला हेच हवे असते. आठवड्यातून एक तास तरी असा असावा, जेथे त्याला कोणी गुण देत नाही.

तिसरी गोष्ट कृपेचा योग्य अर्थ. परीक्षार्थींचे आश्रयदाते कुपर्तिनोचे संत जोसेफ अभ्यासात फार मंद होते. परंपरा सांगते की, गुरुदीक्षेच्या परीक्षेत आधीच्या उमेदवारांनी इतकी उत्तम उत्तरे दिली, की बाकीच्यांना न विचारताच उत्तीर्ण केले गेले. जोसेफ त्या बाकीच्यांत होते. १६२८ साली त्यांना दीक्षा मिळाली. मुले त्यांचे चित्र पुस्तकात ठेवतात ते न शिकता पास होण्यासाठी असेल, तर त्यांनी संताला ओळखलेच नाही. जोसेफने जमेल तेवढे सारे केले होते. कृपा आली ती त्या श्रमांच्या पलीकडची होती, श्रमांच्या बदली आलेली नव्हती.

त्या मुलीचे म्हणणे खरेच होते. भौतिकशास्त्र तिलाच करायचे होते. देवावर सोपवायचे ते निकालाचे भय, आणि जागा न मिळाल्यास आपण कोणी उरणार नाही ही समजूत. निकालाच्या दिवशी लेकराच्या चेहऱ्याकडे आधी पाहावे, गुणांकडे मग, एवढे आईवडिलांना जमले तर घराने आपली परीक्षा दिली असे आम्ही समजू. उरलेले दिवस थोडे असोत वा पुष्कळ, ते लेकराला माणूस म्हणूनच घालवता आले पाहिजेत.