शाळिग्राम, गवय आणि हातोडा

नेपाळच्या मुस्तांग भागात काळी गंडकीच्या पात्रात मुठीत मावतील असे काळे, गुळगुळीत गोटे सापडतात. ते वेचायला दोन प्रकारची माणसं येतात. एकाला विष्णू हवा असतो, दुसऱ्याला अमोनाइट. चाल मात्र दोघांची सारखीच: कंबरेत वाकून, नजर वाळूवर, सापडलेला गोटा पाण्यात बुडवून उन्हात फिरवून बघायचा, कारण ओल्या दगडावर रेघा उठून दिसतात. कोरा निघाला तर दोघंही तो परत टाकतात. चक्र दिसलं, तर एक जण हात जोडतो आणि दुसरा खिशातून भिंग काढतो.

चक्र कुठून आलं, हे भिंगवाल्याला माहीत असतं. ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात, साधारण 14 ते 16 कोटी वर्षांपूर्वी, भारत आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र होता. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी 1893 मध्ये त्याला टेथिस हे नाव दिलं. या समुद्रात अमोनाइट राहत. माकूल आणि ऑक्टोपस यांचे हे दूरचे भाऊबंद. फरक एवढाच, की त्यांच्या अंगाबाहेर वेटोळ्याचा शंख असे. शंखाच्या आत कप्पे, आणि प्राणी सगळ्यात शेवटच्या, मोठ्या कप्प्यात. मेल्यावर शंख तळाच्या काळ्या चिखलात रुतला, त्याच्याभोवती खनिजं साकळून टणक गोळा तयार झाला, आत कधी सोनेरी माक्षिकही जमलं. पुढे, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी, भारताची भूमी आशियाला भिडली आणि समुद्राचा तळ हिमालयाच्या खांद्यावर चढला. भूशास्त्रात त्या काळ्या चिखलाच्या थराला स्पिती शेल म्हणतात. तो ठिसूळ. पाऊस आणि बर्फ त्याला उकरतात, आतले टणक गोळे गंडकीत घरंगळतात, आणि नदी त्यांना घासून गुळगुळीत करते.

हात जोडणाऱ्याकडेही उत्पत्तीची कथा आहे. वृंदेच्या, म्हणजेच तुळशीच्या, शापाने विष्णू पाषाण झाला आणि वज्रकीट नावाच्या किड्यांनी आपल्या दातांनी त्या पाषाणात चक्रं कोरली. मराठी घरांत कार्तिकात लागणाऱ्या तुळशीच्या लग्नामागे हीच कथा आहे. पंचायतन पूजेतही विष्णूच्या जागी बसतो तो शाळिग्रामच.

तेव्हा प्रश्न असा: एकाच दगडाच्या या दोन ओळखींपैकी एक खरी ठरली, की दुसरी खोटी पडते का?

हा प्रश्न फक्त हिंदूंपुढे आला असं नाही. लहान सागरी जीवाश्म जिथे जिथे सापडले, तिथे तिथे धर्म आधी पोहोचलेला होता. इंग्लंडच्या व्हिटबी गावात सातव्या शतकात सेंट हिल्डा ही मठाधिपती होऊन गेली. तिने सापांचे दगड केले, अशी तिथली आख्यायिका; पुरावा म्हणून किनाऱ्यावरचे अमोनाइट दाखवत. सापांना डोकी नसल्याची तक्रार येऊ लागली, तेव्हा विक्रेत्यांनी दगडावर डोकी कोरून दिली. (भाविकांची अडचण बाजाराने सोडवल्याचं हे पहिलं उदाहरण नव्हे आणि शेवटचंही नाही.) तिथल्या अमोनाइटच्या एका प्रजातीला पुढे शास्त्रज्ञांनीच हिल्डोसेरास म्हटलं. थोडं उत्तरेला, लिंडिसफार्न बेटावर, समुद्रकमळांच्या देठांच्या बारीक चकत्या सापडतात. मधोमध नैसर्गिक भोक असल्याने त्या दोऱ्यात ओवता येतात. लोक त्यांना सेंट कथबर्टचे मणी म्हणून ओळखत आणि जपमाळेसाठी वापरत. माल्टात खडकातून निघणारे त्रिकोणी, धारदार दगड म्हणजे सेंट पॉलने शापलेल्या सर्पांच्या जिभा मानल्या जात, आणि विषावर उतारा म्हणून विकल्या जात.

या जिभांचं कोडं सोडवणाऱ्यांत ज्याचं नाव पुढे आलं, तो निकोलस स्टेनो ऐकण्यासारखा माणूस आहे. जन्म कोपनहेगनचा, 1638 चा, पेशाने शरीररचनाशास्त्रज्ञ. 1666 मध्ये लिव्होर्नोजवळ एक अजस्र शार्क पकडला गेला आणि टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्याचं डोकं फ्लॉरेन्सला स्टेनोकडे धाडलं. दात बघताच त्याला माल्टाच्या जिभा आठवल्या. साम्य त्याच्याआधीही काहींनी हेरलं होतं. फाबिओ कोलोन्ना या इटालियन विद्वानाने 1616 मध्येच ते मांडलं होतं. स्टेनो त्यापुढे गेला. दगडाच्या आत दगड शिरला कसा, असं त्याने विचारलं. दात खडकातच वाढला असता तर खडक फुटला असता, नाहीतर दात तरी वेडावाकडा झाला असता. दात आधी घट्ट होता आणि भोवतालचं द्रव्य तेव्हा मऊ होतं, हाच निष्कर्ष निघतो. 1669 मध्ये त्याने हा विचार छोट्या ग्रंथात मांडला. खडकांचे थर खालून वर वाचायचे असतात, हे भूशास्त्राचं पहिलं सूत्र त्यातलंच.

मग स्टेनोने काय केलं? तो 1667 मध्ये कॅथलिक झाला, 1675 मध्ये पाद्री, 1677 मध्ये बिशप. भूशास्त्र मागे पडलं. 1686 मध्ये तो वारला आणि 1988 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केलं. दातांनी त्याची श्रद्धा मोडली नाही. थरांत जे दिसलं ते बायबलच्या जलप्रलयाशी जुळतं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. पुढे वर्षांचे आकडे कोटींत जाणार, हे त्याच्यापुढे आलंच नाही.

ते फिलिप हेन्री गॉस यांच्यापुढे आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज मध्यमवर्गाला समुद्रकिनारे धुंडाळायचं वेड लावणाऱ्यांत हे गृहस्थ अग्रभागी होते; 1854 चं त्यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक त्या वेडाचा आधार होतं. पंथाने ते कडवे प्लिमथ ब्रदरन. 1857 मध्ये, डार्विनच्या ग्रंथाच्या दोन वर्षं आधी, त्यांनी ‘ऑम्फालॉस’ लिहिलं. युक्तिवाद असा: देवाने जग पूर्ण वाढलेल्या अवस्थेत घडवलं, झाड घडवलं तर खोडात वलयं हवीतच, आदम घडवला तर बेंबी हवीच, आणि पृथ्वी घडवली तर तिच्या पोटात जीवाश्म हवेतच. ते प्राणी प्रत्यक्ष जगलेच असतील असं नाही! तर्काच्या दृष्टीने हे खोडता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते कुणाला पटलं नाही. गॉस यांचे स्नेही, स्वतः पाद्री असलेले चार्ल्स किंग्जली यांनी कळवलं, की देवाने खडकांत इतकं मोठं असत्य लिहून ठेवलं असेल हे मानणं त्यांना शक्य नाही. संशोधकांनीही पाठ फिरवली, धर्मवाल्यांनीही.

यावरून सश्रद्ध माणूसच दगडाला वाकवतो असं ठरवायची घाई मात्र नको. पर्वतांवरची शिंपली जलप्रलयाचा पुरावा ठरतील या धास्तीने व्होल्तेअरसारख्या धर्माच्या टीकाकाराने ती यात्रेकरूंच्या टोप्यांवरून गळून पडली असावीत, असं सुचवलं होतं.

आता भारताकडे. जीवाश्म ओळखायचा छंद जडलेला माणूस रोज जे करतो, त्याचं सर्वांत नेमकं वर्णन न्यायदर्शनात आहे. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. गवय कधीच न पाहिलेल्या नागरी माणसाला रानातला माणूस सांगतो, की गवय गाईसारखा असतो. हा पुढे रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर बघतो, ऐकलेलं आठवतो, आणि त्याला कळतं की ‘गवय’ म्हणतात तो हाच. वैशेषिकांना हे वेगळं प्रमाण वाटलं नाही. त्यांनी ते अनुमानात घातलं. पण पुस्तकातलं चित्र आणि हातातला तुकडा यांची सांगड घालत बसलेल्या कुणालाही नैयायिकांचं म्हणणं पटेल. नाव कानावर आधी येतं, वस्तू डोळ्यांपुढे नंतर, आणि दोन्ही जुळण्याचा क्षण हे एक वेगळंच ज्ञान असतं.

साम्य फसवतंही. गिझाच्या पिरॅमिडपाशी मसुरीच्या दाण्यांसारखे दगडी तुकडे पाहून तिथले लोक ते मजुरांच्या शिल्लक अन्नाचे झालेले दगड असल्याचं सांगत. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने ते नोंदवून ठेवलं. ते खरे न्युम्युलाइट, एकाच पेशीच्या सागरी जीवांची कवचं. म्हणून छंदिष्ट एका साम्यावर थांबत नाही. अमोनाइट हातात आला की तो वेटोळ्याच्या मधला खळगा केवढा, कडेच्या बरगड्या दुभंगतात का, पाठीवर कणा आहे का, कप्प्यांच्या भिंतींची नागमोडी शिवण कुठे दिसते का, हे क्रमाने बघतो.

आणि शाळिग्राम पारखणारा? ब्रह्मवैवर्तपुराणातली लक्षणं पाहा. एक द्वार, चार चक्रं, मेघासारखा रंग आणि वनमाळेची रेघ असेल तर लक्ष्मीनारायण. बाकी सगळं तेच पण वनमाळा नसेल तर लक्ष्मीजनार्दन. दोन द्वारं, चार चक्रं आणि गाईच्या खुराची खूण असेल तर रघुनाथ. अगदी लहान, दोन चक्रांचा तो वामन. एक लक्षण आहे की नाही यावरून फांदी फुटत जाणारी ही ओळखपद्धत प्राणिशास्त्राच्या हस्तपुस्तिकेहून रचनेत वेगळी नाही. फरक आहे तो पुढे. जीवाश्मशास्त्रज्ञ विल्हेल्म वागेन यांनी 1873 ते 1875 या काळात कच्छच्या अमोनाइटांवर ग्रंथ लिहिला. 1927 पासून दुसरे जीवाश्मशास्त्रज्ञ स्पाथ यांनी तेच प्रकरण पुन्हा हाती घेतलं आणि कित्येक नावं बदलली. शास्त्राने दिलेलं नाव पुढच्या अभ्यासकाच्या हवाली असतं. वामन मात्र वामनच राहतो, कारण ते नाव दगडाच्या इतिहासाबद्दल काही सांगतच नाही. या दगडापुढे कुठल्या भावाने बसायचं, ते सांगतं.

इथे शंकराचार्यांची दोन मतं एकत्र ठेवून वाचावीत. ब्रह्मसूत्रभाष्यात, हृदयाच्या चिमुकल्या जागेत सर्वव्यापी ब्रह्म कसं ध्यायचं हे समजावताना, ते शाळिग्रामातल्या हरीचा दाखला देतात. दगड म्हणजे ध्यानासाठी धर्मशास्त्राने नेमलेलं ठिकाण. तो कसा घडला याच्याशी त्या दाखल्याला कर्तव्य नाही. दुसरं मत गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायातलं: अग्नी थंड आहे असं शेकडो श्रुतींनी सांगितलं, तरी त्या बाबतीत त्या प्रमाण ठरत नाहीत. डोळ्यांनी आणि अनुमानाने कळणाऱ्या गोष्टी श्रुतीच्या प्रांतातल्या नव्हेतच. हा निकष लावला की वज्रकीट जातो. चक्र कुणी केलं हा प्रश्न अनुमानाचा आहे आणि त्याचं उत्तर स्पिती शेलमध्ये आहे. हरी मात्र कुठे जात नाही. तो त्या प्रश्नाच्या उत्तरावर बसलेलाच नव्हता.

सगळ्या भक्तांना एवढ्याने समाधान वाटणार नाही, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. वैष्णव परंपरेत शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. मूर्तीत देव बोलवावा लागतो, इथे तो आहेच. अशा माणसाला ‘ध्यानाचं ठिकाण’ हे उत्तर पाणी घातलेलं वाटतं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हॉली वॉल्टर्स यांनी मुस्तांगच्या यात्रेवर 2020 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेल्या भाविकांना शाळिग्राम नदीतून जन्मलेला, घरात नांदणारा आप्त वाटतो, आणि तो जीवाश्मही आहे याचं त्यांना वावडं नाही. एकाच वस्तूला दोन जन्म असू शकतात, हे ज्यांच्या अंगवळणी आहे, त्यांना गॉस यांच्यासारखी कसरत करावी लागत नाही.

कसरत करतात ते वेगळेच. वज्रकीट म्हणजे अमोनाइटच, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, असं सांगणारे हल्ली भेटतात. वज्रकीट तयार दगड कोरतो; अमोनाइट दगड व्हायच्या आधी जगतो आणि मरतो. दोन्ही एकच म्हणणाऱ्याने ना पुराण नीट वाचलेलं असतं, ना खडक. वारकरी संतांनी दगडाला देव मानणाऱ्यांना फटकारलं आणि स्वतः पंढरीच्या पाषाणमूर्तीपुढे देहभान विसरले. त्यासाठी त्या पाषाणाची रासायनिक महती गायची गरज त्यांना भासली नव्हती.

खरा तंटा हातोड्यापाशी आहे. बंद गोळ्यातला अमोनाइट बघायचा तर गोळा फोडावा लागतो. शाळिग्राम पूजणाऱ्याला द्वारातून दिसेल तेवढंच पुरतं. भंगलेली मूर्ती विसर्जित करतात, पण चक्र शाबूत असेल तर भंगलेला शाळिग्रामही पूजेत राहतो. तुकड्याची किंमत जीवाश्मवाल्यालाही कळते. तरी जाणून फोडणं वेगळं. आणि शाळिग्रामाचं मोल करणं परंपरेने पाप मानलं असताना त्याचा व्यापार राजरोस चालतो. त्या व्यापारात शास्त्राचंही नुकसान होतं, कारण कुठल्या उतारावरून, कुठल्या थरातून आला हे न कळणारा जीवाश्म अर्धा मुका असतो.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागावर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा पसरला आहे, म्हणजे जगातून अमोनाइट संपले त्याच सुमाराचा. त्यामुळे इथल्या हौशी माणसाला सागरी जीवाश्म बघायला कच्छ, नर्मदाखोऱ्यातलं बाघ किंवा तमिळनाडूतलं अरियलूर गाठावं लागतं. पण देवघरात शाळिग्राम असेल तर एक काम घरबसल्या होतं. पूजा झाल्यावर तो ओला असतानाच दहापटीच्या भिंगातून बघा आणि बरगड्या दुभंगतात का ते तपासा. हातोडा लावू नका. आणि घरात कुणाला आठवत असेल, तर तो कुणी, कधी, कुठून आणला हे कागदावर लिहून त्याच्या डब्यात ठेवा. ते सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.