पट्टीवर थांबलेलं बोट

चि. ताईस,


वैजापूरच्या बाजार समितीत कांदा व्यापाऱ्याकडे हिशोबाला लागलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. पहिला महिना शेठजींना फार विचारत बसू नकोस. विचारलं की माणूस नियम सांगतो. धंद्याची रीत बघूनच कळते.

सकाळी लिलाव सुरू झाला की ट्रॉल्यांच्या रांगेपाशी जा. कोण वरचे चार कांदे बघून पुढे सरकतो आणि कोण कोपरापर्यंत हात घालून, पत्ती चोळून बोली लावतो, ते बघ. पूर्वी हत्ता चालायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल तोच अंधारात राहायचा. ते मोडायलाच उघडा लिलाव आला. म्हणून पुकारलेला भाव शेतकऱ्याच्या कानापर्यंत गेला का, याकडे लक्ष ठेव.

मग खळ्यावर जा. ट्रॉली रिकामी होताना ‘खालचा माल हलका’ म्हणत क्विंटलमागे शंभर-दोनशे तोडतात. कधी माल खरंच हलका असतो. कधी मार्केट पडल्याचा फोन आलेला असतो. आधी काय झालं, फोन वाजला की खालचा थर दिसला, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

माझ्या पहिल्या हंगामात मी ज्या गाळ्यावर होतो, तिथे रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन पुन्हा न करता जुन्या पावतीवरून धरायची चाल होती. दिवाणजी करायचे, म्हणून मीही केलं. एका बाबांनी त्यावरून केलेली हिशोबाची पट्टी दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि काही न बोलता गेले. पुन्हा ते त्या गाळ्यावर आले नाहीत. बघून शिकताना वाईट चालही तितक्याच सहज अंगवळणी पडते, हे मला फार उशिरा उमगलं.

तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पट्टी दिल्यावर लगेच पुढच्याला हाक मारू नकोस. त्याचं बोट कुठल्या ओळीवर थांबतं? हमालीवर, तोलाईवर, की वजनावर? २०१६ पासून कांद्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची आहे, शेतकऱ्याकडून नाही. ती त्याच्या पट्टीत घालायला कुणी सांगितलं, तर मात्र तिथे जरूर विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत लिहू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा एक कोरी पट्टी आण. हल्ली कोणत्या ओळी छापतात, ते मला बघायचंय.

तुझा,
मामा