कुकरची शिट्टी

भाचीच्या ओहायोतल्या घरी मी तीन आठवडे राहून आले. तिच्या ओट्याखालच्या कपाटात रुखवतातला कुकर आहे, पण त्याची शिट्टी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेली. वरण ती उघड्या पातेल्यात शिजवते, तास-सव्वा तास, मधूनमधून पाणी घालत. जावई रात्रपाळी करून सकाळी नऊला येतो, पडदे ओढून झोपतो. एकदा शिट्टीने तो दचकून उठला होता. हॉस्पिटलातलं मॉनिटर ओरडतंय असं त्याला वाटलं. तेव्हापासून शिट्टी बंद. पहिल्या सकाळी मला हे फार कौतुकाचं वाटलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते कौतुक ओसरलं होतं.

जावई पुण्याचा एमबीबीएस. अमेरिकेतल्या परीक्षा दिल्या, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी रेसिडेन्सीच्या जागा ठरवणाऱ्या ‘मॅच’चा निकाल लागला, आमच्याकडे पेढे वाटले गेले. आता तो इंटर्नल मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथला नियम सांगतो, आठवड्याला 80 तासांहून जास्त काम नको. ऐकायला बरं वाटतं, पण हे 80 तास चार आठवड्यांच्या सरासरीने धरायचे असतात. म्हणजे एका आठवड्याला 95 भरले तरी पुढे कुठेतरी 65 दाखवले की हिशेब जुळतो. हा नियमही फुकट मिळालेला नाही. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन नावाची 18 वर्षांची मुलगी दगावली, तिच्या वडिलांनी शिकाऊ डॉक्टरांच्या जागरणांवर रान उठवलं. 1989 मध्ये त्या राज्याने तास बांधून दिले, आणि देशभर ते लागू व्हायला 2003 उजाडलं.

अशा शिकाऊ डॉक्टरला तिथे ‘रेसिडेंट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः तिथेच राहणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत रुजली तेव्हा ही मुलं खरोखरच रुग्णालयात राहत, आणि बहुतेक बिनलग्नाची असत. (शल्यचिकित्सेत ती घडवणारे विल्यम हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, हे आठवलं की त्या अचाट उमेदीकडे बघण्याची माझी नजर जरा बदलते.) त्या रचनेत बायकोला जागाच नव्हती. आज बायको आहे, नवरा आहे, लेकरंही आहेत, पण रचना फारशी हललेली नाही. डॉक्टरला उद्या पुन्हा उभं करायचं काम घर करतं, आणि त्याचा पगार रुग्णालय देत नाही.

भाचीच्या व्हिसाची गंमत तिनेच सांगितली. तो जे-1 वर, ती त्याच्यामागून जे-2 वर. तिला कामाचा परवाना मागता येतो, पण ही कमाई त्याच्या पोटापाण्यासाठी लागत असेल तर परवाना मिळत नाही. सहली, करमणूक, सांस्कृतिक हौस यासाठी चालते. “मावशी, सरकार म्हणतं मजा कर,” ती म्हणाली, आणि पातेल्यात पाणी ओतलं.

मजा कोणाबरोबर करायची, हे तिने विचारलं नाही.

‘तो बर्नआउट झालाय’ हे ती ताप आल्यासारखं सांगते. क्रिस्टीना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची तीन अंगं सांगितली आहेत: मन आटणं, समोरच्याकडे माणूस म्हणून बघणं सुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिलं आणि तिसरं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दुसरं जेवणाच्या टेबलावर. भाची आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, चक्कर येण्याबद्दल सांगत होती. त्याने ताटावरून मान वर न करता विचारलं, “किती दिवस? शुगर किती? गोळ्या कुठल्या?” सल्ला अचूक होता, ताईला त्याचा उपयोगही झाला. भाचीला मात्र सल्ला नको होता, तिला आईची आठवण येत होती.

त्याला खलनायक करणं सोपं आहे आणि खोटंही. पहाटे तीनला कोणाच्या तरी मुलाला ‘तुमचे वडील गेले’ हे सांगून आलेला माणूस सकाळी हसतमुखाने पोहे खाईल ही अपेक्षाच क्रूर आहे. समुपदेशकाकडे जा म्हटलं तर तो घाबरतो. उद्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या अर्जात मनाच्या उपचारांबद्दल विचारतील म्हणून.

तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. थकलेल्याकडे वेळ मागू नये, हे पटतं. पण त्याच्याकडे काहीच मागू नये का? त्या घरात थकण्याचा मक्ता एकट्याकडे गेला होता. तिचं डोकं दुखलं तरी त्याच्या 28 तासांच्या पाळीपुढे ते दुखणं लाजून मागे सरे. ज्याचं दुःख मोठं त्याचंच खरं, असा न्याय घरात लागला की दुसऱ्याला आधी बोलणं सोडावं लागतं आणि मग वाटणंही.

यात माझा हात आहे. दीड वर्षापूर्वी तिने फोनवर रडत विचारलं होतं, तेव्हा मी म्हणाले होते, “एवढी तीन वर्षं काढ. गप्प राहा, त्याला त्रास देऊ नकोस.” आमच्या पिढीत हा सल्ला तोंडपाठ असतो. आता हिशेब कळला. रेसिडेन्सीची तीन वर्षं. त्याला हृदयविकारतज्ज्ञ व्हायचंय, त्याची आणखी तीन. मग व्हिसाच्या अटीप्रमाणे दोन वर्षं मायदेशी परतायचं, नाहीतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. भाची आज तिशीची आहे. मी तिला सहनशक्ती शिकवत होते, की दुसऱ्याचं बिल मुकाट भरायला?

निघायच्या आदल्या दिवशी त्याला सुट्टी होती. तिघं एकत्र जेवलो. भात कालवताना तो म्हणाला, “मावशी, हिच्या वरणाला हल्ली वेगळीच चव असते.”

“उघड्यावर शिजवते,” भाची म्हणाली.

“का? कुकर बिघडला का?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिला सवयीने माझ्याकडून मान हलवण्याची अपेक्षा असावी.

“सांग त्याला,” मी म्हटलं.